हिरव्या हाउसची मिस

पाचवीत आलेल्या पोराला नागपुरातल्या आमच्या शाळेत हाउस, म्हणजे स्पर्धांसाठीचा गट, मिळतं ते हजेरीच्या नंबरावर. एक नंबर लाल, दोन निळा, तीन पिवळा, चार हिरवा, पाच पुन्हा लाल. मार्क बघायचे नाहीत, उंची बघायची नाही, बाप काय करतो ते विचारायचं नाही. हजेरी आडनावांच्या अक्षरांप्रमाणे लागते. त्यामुळे एका वर्षी वर्गात ओळीनं चार मेश्राम आले आणि चौघं चार हाउसांत गेले. त्यातले दोघं चुलतभाऊ, एकाच घरात राहणारे. स्पोर्ट्स डेला एक लाल, एक पिवळा, आणि आजी कंपाउंडजवळ खुर्चीवर बसून दोघांसाठीही टाळ्या वाजवत होती. बाजूच्या बाईंनी विचारलं, "आजी, तुम्ही कोणत्या हाउसच्या?" आजी म्हणाल्या, "मी इंदोऱ्याची."

फक्त सख्खं भावंड आधीपासून शाळेत असेल तर धाकट्याला तेच हाउस मिळतं. या एका नियमावर पालकांचे जितके फोन येतात तितके परीक्षेच्या निकालावरही येत नाहीत. मावसभाऊ चालत नाही का, जुळ्यांना वेगळं ठेवता येईल का (घरी फार भांडतात), ज्योतिषानं पिवळा सांगितला आहे. एकीनं तर मुलाचं आडनावच दोन शब्दांचं लिहून आणलं, म्हणजे नंबर एकानं सरकेल. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, आणि शाळा सुरू झाल्यावर पहिला पंधरवडा माझा याच्यातच जातो.

मी इथे मराठी शिकवते. माहेर वरूडकडचं, संत्र्याच्या पट्ट्यातलं, सासर नागपुरात, महाल भागातलं. घरी महालक्ष्म्या बसतात, त्या दोन दिवसांत मी रजा टाकते आणि शाळा कॅथलिक असली तरी सिस्टर न विचारता सही करतात. नोकरीला लागले तेव्हा मला संत म्हणजे तुकोबा, गाडगेबाबा आणि आमचे तुकडोजी महाराज एवढंच. कॅथलिक संतांमधलं मदर तेरेसांपलीकडे एक नाव माहीत नव्हतं. हाउस मात्र दुसऱ्याच वर्षी गळ्यात पडलं, कारण आधीच्या मिस लग्न होऊन रायपूरला गेल्या आणि हिरवं हाउस कोणाला नको होतं. तेव्हापासून मुलं मला 'ग्रीनवाल्या मिस' म्हणतात. मराठीवाल्या मिस म्हणत नाहीत, याचं सुरुवातीला वाईट वाटायचं. आता सवय झाली.

हाउसची पद्धत मूळ इंग्लंडातल्या निवासी शाळांची. तिथं मुलं खरोखरच वेगवेगळ्या इमारतींत राहायची, प्रत्येक इमारतीला एक मास्तर, आणि मग इमारती-इमारतींची क्रिकेटमध्ये चुरस. आपल्याकडच्या दिवसाच्या शाळांनी इमारत सोडून दिली आणि चुरस तेवढी उचलली. नागपुरात जवळपास प्रत्येक शाळेत हाउस आहेतच. कुठं गंगा, गोदावरी, कुठं टागोर, रमण, टिळक, शिवाजी. कॅथलिक शाळांत संत. आमचे चार: लाल झेवियर, निळं सेल्स, पिवळं तेरेझा (मदर तेरेसा नव्हे, फ्रान्समधल्या लिझ्यू गावची), हिरवं गोन्सालो गार्सिया. पाचवीतल्या पोराला विचारलं, तुझ्या संतानं काय केलं, तर उत्तर येतं, "मिस, लास्ट इयर कबड्डी जिंकली."

निळ्याचं नाव मात्र नागपुरात राहणाऱ्याच्या कानावरून गेलेलं असतंच. सदरजवळचं कॅथेड्रल फ्रान्सिस द सेल्सचं, त्याच्या आवारातली शाळा त्याची, सेमिनरी हिल्सवरचं कॉलेज त्याचं. कित्येक जण 'एसएफएस' म्हणतात आणि ती अक्षरं कोणाची हे आयुष्यभर विचारत नाहीत. त्याचं कारण साधं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं तेव्हा, कामठीच्या छावणीच्या निमित्तानं जे मिशनरी या बाजूला आले ते फ्रान्सजवळच्या सव्हॉय प्रांतातल्या आन्सी गावचे. त्यांची संस्था १८३८ मध्ये तिथंच स्थापन झालेली, आणि आन्सी हेच सेल्सचं गाव. माणूस जिथं जातो तिथं आपल्या गावचा देव घेऊन जातो. वरूडहून पुण्याला गेलेले लोक तिथं गुरुदेव सेवा मंडळ काढतातच ना. नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये झाला, महाधर्मप्रांत १९५३ मध्ये, आणि सगळीकडे हा सव्हॉयचा बिशप राहिला. तो पत्रकारांचा आणि लेखकांचा आश्रयदाता संत आहे, १९२३ पासून अधिकृतपणे. कारण लोक प्रवचनाला येईनात तेव्हा हा पानं लिहून दाराखालून सरकवायचा. आमच्या निळ्या हाउसकडे शाळेच्या भित्तिपत्रकाचं काम कायमचं आहे, ते त्यामुळे. शुद्धलेखन मी तपासते, त्यामुळे खरं काम कोणाचं ते सांगायला नको.

आता माझा गोन्सालो.

हाउसच्या कॉरिडॉरमध्ये चारही संतांचे बोर्ड आहेत. झेवियरच्या बोर्डावर बारा ओळी, तेरेझाच्या बोर्डावर गुलाबाची फुलं, सेल्सच्या हातात पुस्तक आणि बोरू. गोन्सालोच्या बोर्डावर तीन ओळी होत्या, त्याही इंग्रजीत: जन्म, मृत्यू, संतपद. खाली कोणीतरी करकटकानं 'बॅसीन' हा शब्द खोडून 'बेसन' केला होता. हे बॅसीन म्हणजे आपली वसई, हे कळायला मला एक अख्खं सत्र लागलं, कारण कोणी सांगायला नव्हतंच. आमच्या सिस्टर केरळच्या, पीटीचे सर गोंदियाचे, लायब्ररीतल्या मॅडम जबलपूरच्या. चार संतांपैकी एक महाराष्ट्रात जन्मला आहे आणि तोच सगळ्यांत अनोळखी, हे मला बरोबर वाटेना. मग मी वाचायला लागले.

वसई म्हटलं की आपल्याला चिमाजी अप्पा आठवतात, १७३९. त्याच्या आधी जवळपास दोनशे वर्षं तिथं पोर्तुगीज होते. गोन्सालो त्या काळातला, साधारण १५५६-५७ चा जन्म. वडील पोर्तुगीज, आई वसईचीच. जेझुइट नावाच्या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या शाळेत शिकला आणि पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथं भाषा शिकला, नुसती बाजारापुरती नव्हे, चांगली शिकला. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे धर्मशिक्षकाचं काम केलं. पण संघात घ्या म्हटलं तर घेतलं नाही. मग हा बाहेर पडला आणि व्यापार करू लागला. व्यापारात बरा जम बसला होता. ते सगळं सोडून मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन नावाच्या दुसऱ्या संघात ब्रदर झाला. फादर नव्हे, ब्रदर. म्हणजे मिसा, चर्चमधली मुख्य उपासना, सांगायचा अधिकार नाही, पडेल ते काम करायचं.

मनिलाहून जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकिलात जायची होती, १५९३ मध्ये. जाणारे फ्रान्सिस्कन स्पॅनिश, त्यांना जपानी येत नाही. दुभाष्या म्हणून कोण? वसईचा ब्रदर. नंतर क्योतोमध्ये त्यांनी चर्च बांधलं आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना चालवला. हे मी मुलांना सांगते तेव्हा फार समजवावं लागत नाही. त्यांची सहल आनंदवनला जाऊन आलेली असते. १५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं, त्याच्यावरचा माल जप्त झाला, त्यातून संशय वाढला, आणि डिसेंबरात या सगळ्यांना पकडलं. डाव्या कानाचा तुकडा कापून, ऐन थंडीत क्योतोपासून नागासाकीपर्यंत चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला तिथल्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. त्यात बहुतेक जपानीच होते, आणि सगळ्यांत धाकटा बारा वर्षांचा. १८६२ मध्ये पोपनं सगळ्यांना संत जाहीर केलं. भारतात जन्मलेल्यांमध्ये गोन्सालो पहिला. दुसरं नाव यायला २००८ उजाडलं, केरळच्या अल्फोन्साचं.

सहावीच्या वर्गात ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी ठरवलं होतं की कानाचा भाग वगळायचा. पण पोरं कुठं सोडतात! एकीनं कुठंतरी वाचून आणलं होतं. मग पुढची दहा मिनिटं फक्त कान. डावाच का, उजवा का नाही, रक्त थांबलं कशानं. मागच्या बाकावरून एक जण: "मिस, तो आपल्याकडचा होता तर त्याले मराठी येत असन ना?" मी म्हटलं, आईची बोली येत असणार. "मंग मरताना मराठीत बोलला असन." वर्गात कोणी हसलं नाही. मी फळ्याकडे वळून तारीख लिहिली. ॲनिमे बघणाऱ्या पिढीला जपान माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, त्यामुळे हिदेयोशी कसा दिसायचा, तलवार कुठल्या बाजूला, याच्या दुरुस्त्या मला त्यांच्याकडून मिळाल्या. आणि नागासाकी म्हटल्यावर त्यांना ९ ऑगस्ट १९४५ आठवतोच. त्याच शहरात साडेतीनशे वर्षं आधी वसईचा माणूस मेला होता, हे ऐकून वर्ग एकदम जागा होतो. कुठल्याही धड्याला माझं असं होत नाही.

याच गोन्सालोमुळे मला आमच्या हाउसमधला एक पोरगा नीट कळला. घर अजनीकडे, वडील रेल्वेत, आई तेलुगू. आईला हिंदी जेमतेम, मराठी नाही, इंग्रजी नाही. ओपन हाउसला, म्हणजे पालकांच्या भेटीच्या दिवशी, आई येते आणि चिरंजीव स्वतःच दुभाष्याचं काम करतात. मी म्हटलं, "वर्गात फार बडबड करतो, शेजारच्याचंही लक्ष उडवतो, गृहपाठ अर्धा." पोरानं गंभीर चेहऱ्यानं आईला सांगितलं. आई खूश. हात जोडून म्हणाल्या, "थँक्यू टीचर, थँक्यू." मागच्या रांगेत एक गोंडपिपरीकडचे पालक होते, त्यांना तेलुगू कळत होतं. ते इतके हसले की खुर्ची कलंडली. पोरानं सांगितलं होतं, मिस म्हणतात हा वर्गात छान बोलतो, शेजारच्यालाही बोलायला शिकवतो, आणि गृहपाठाची यानं चिंता करू नये.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गोन्सालोचा दिवस येतो आणि त्या सकाळची असेंब्ली हिरव्या हाउसची असते. दहावीच्या पोरांचं डोकं प्रॅक्टिकलमध्ये असतं, म्हणून सगळा भार सातवी-आठवीवर. त्या वर्षी मी नाटक बसवलं आणि गोन्सालो कोण करणार यावर चर्चाच केली नाही. हिदेयोशी झालेल्या मुलानं आईचा सॅटिनचा गाऊन उलटा घातला होता, कमरेला हिरवी ओढणी, काजळाची दाढी, आणि हातात लग्नातला कागदी पंखा. पंख्यावर 'शुभविवाह' लिहिलेलं होतं, ते प्रेक्षकांकडेच यायचं. तो सिंहासनावरून, म्हणजे प्रयोगशाळेच्या स्टुलावरून, गरजला: फिलिपिन्सनं माझ्यापुढं मान तुकवावी! स्पॅनिश फादरनं विचारलं, काय म्हणाले? आमचा तेलुगू गोन्सालो एक क्षण थांबला आणि शुद्ध नागपुरीत म्हणाला, "काही नाही फादर, हुजूर म्हणून राहिले का बसा, चहा घ्या." हे संहितेत नव्हतं. अख्खी शाळा खाली लोळली. सिस्टरांना मराठी फारसं येत नाही, त्यांना शेजारच्या मिसनं कानात सांगितलं, मग त्या सगळ्यांच्या नंतर एकट्याच हसल्या.

नंतरचं दृश्य मात्र आम्ही ठरल्याप्रमाणेच केलं. सव्वीस मुलं रांगेत, हात बाजूला पसरून. पसरलेल्या हातांनी उभं राहणं सोपं नसतं, मिनिटाभरात खांदे थरथरायला लागतात. नावं वाचत गेलो, तसा एकेक हात खाली. त्यात अर्धी मुलं बौद्ध, दोन सिंधी, एक मुस्लिम मुलगी, कॅथलिक मोजून तीन.

हाउसचं मला जे आवडतं ते हेच. आणि जे आवडत नाही ते म्हणजे शिल्ड.

शिल्ड लाकडी आहे, मधे पितळेचा क्रूस, कडेनं वर्षांच्या छोट्या पट्ट्या. पहिल्या नंबरला पाच पॉइंट, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. रिलेला दुप्पट, मार्च पास्टला वीस. नखं वाढली, पॉलिश नाही, उशीर झाला तर वजा. पट्ट्या वाचल्या तर लाल, निळा, लाल, लाल, हिरवा, निळा असं दिसतं. पिवळं शोधावं लागतं. तेरेझा हाउस का हरतं याला कारण नाही, हजेरीच्या नंबरानं काही धावणारी पोरं पिवळ्यात जाऊ नयेत असं काही नसतं. पण एकदा 'यलो तर हरणारच' असं ठरलं की चौथीतलं पोरही आधीच देवाला सांगून ठेवतं, यलो नको.

गंमत अशी की ज्या बाईच्या नावानं ते हाउस आहे तिचं सगळं म्हणणंच लहान गोष्टींबद्दल होतं. लिझ्यूची तेरेझा पंधराव्या वर्षी मठात गेली आणि चोविसाव्या वर्षी, १८९७ मध्ये, क्षयानं गेली. मधल्या काळात तिनं काय केलं? धुणं धुताना शेजारची सिस्टर घाण पाणी तोंडावर उडवायची, ही काही बोलली नाही. प्रार्थनेत मागची सिस्टर सतत खुळखुळ आवाज करायची, हिनं वळून पाहिलं नाही. जिचं तोंड बघवत नव्हतं तिच्याशी मुद्दाम हसून बोलायची. एकत्र कुटुंबात राहिलेल्या कुठल्याही सुनेला विचारा, हे लहान आहे का. आणि ही मठाबाहेर न पडलेली मुलगी १९२७ मध्ये सगळ्या मिशनकार्याची आश्रयदाती ठरली, झेवियरच्या बरोबरीनं. तो अर्धी पृथ्वी फिरलेला, ती अंगणापलीकडे न गेलेली. आमच्याकडे मात्र लालला नऊ वेळा शिल्ड आणि पिवळ्याला दोनदा.

एकदा डिसेंबरात मैदानावर बेरीज चालू होती. मी पीटीच्या सरांना म्हटलं, सर, या चौघांनाच आपल्या सिस्टिमनं पॉइंट द्या बरं. झेवियर चीनला जायचं म्हणून निघाला, शांगच्वान बेटावर अडकला, समोर चीनची जमीन, न्यायला येणारी बोट आलीच नाही, ३ डिसेंबर १५५२ ला तापानं गेला. फिनिश लाइन गाठली नाही, शून्य. सेल्स १५९४ मध्ये शाब्ले प्रांतात प्रवचनं द्यायला गेला, सुरुवातीचे कित्येक महिने ऐकायला जवळपास कोणी नाही. एलोक्यूशनमध्ये श्रोते नाहीत, शून्य. तेरेझानं भागच घेतला नाही. आणि माझा गोन्सालो तर सिलेक्शनमध्येच बाद. सर शिट्टी गळ्यात तशीच ठेवून म्हणाले, "मॅडम, मंग शिल्ड देऊ कोणाले? मले सहा वाजेपर्यंत मंडप सोडायचा आहे."

त्यांचंही खरं आहे. पण मी सिस्टरांकडे जाऊन एक मागणी केली आणि ती मान्य झाली. आता प्रत्येक वर्गशिक्षिका महिन्याला एका मुलाचं नाव देते, कशासाठी ते एका ओळीत लिहून, आणि त्याच्या हाउसला रिलेइतके पॉइंट मिळतात. पहिल्या महिन्यातली एक ओळ माझ्या लक्षात आहे: 'डबा सांडला तेव्हा न सांगता पुसला, आणि कोणी सांडला ते अजून सांगितलेलं नाही.' पिवळं हाउस होतं. शिल्ड त्यांना त्यानंतर अजून मिळालेली नाही, तेही सांगते. मार्च पास्टला वीस पॉइंट आहेत ना.

झेवियरबद्दल एक गोष्ट लिहायची की नाही यावर मी थोडी अडले होते, पण लिहिते. ओपन हाउसला एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मॅडम, गोव्यात इन्क्विझिशन आणा म्हणून यानंच राजाला पत्र लिहिलं होतं ना? माझ्या पोरीच्या छातीवर याचं नाव काहून?" प्रश्न खोटा नव्हता. १५४६ मध्ये झेवियरनं पोर्तुगालच्या राजाला तसं पत्र लिहिलं आहे. इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आलं १५६० मध्ये, तो मेल्यावर आठ वर्षांनी, आणि १८१२ पर्यंत चाललं. गोव्यातल्या लोकांनी त्यात काय भोगलं ते मराठी माणसाला नव्यानं सांगायची गरज नाही. त्याच झेवियरनं घंटा वाजवत गल्लीगल्लीतून पोरं गोळा करून शिकवली आणि आजारी माणसांजवळ दवाखान्यात झोपला, हेही तितकंच खरं. मी त्यांना दोन्ही सांगितलं आणि म्हटलं, शाळेनं तुमच्यापासून काही लपवलेलं नाही, दहावीत मी स्वतः हे वर्गात बोलते. त्यांचं समाधान झालं नाही. व्हावं असा माझा हट्टही नव्हता. मुलगी बाजूला उभी होती, ती म्हणाली, "बाबा, मी रिलेची लास्ट रनर आहे, आता हाउस बदलवू नका ना." ते गेले. सिस्टरांना मी हे सगळं सांगितलं, त्या म्हणाल्या, बोर्डावरच्या बारा ओळींत तेराव्या ओळीला जागा आहे का बघा. अजून कोणी बघितलेली नाही. लाल हाउसच्या मिसना मी दोनदा आठवण केली आहे.

आणि आता हे नवीन.

गेल्या वर्षी ७ सप्टेंबरला रोममध्ये पोप लिओंनी कार्लो अकुतीसला संत जाहीर केलं. १९९१ चा जन्म, पंधराव्या वर्षी ल्युकेमियानं गेलेला इटालियन मुलगा. संगणकावर वेबसाइट बनवायचा, फोटोत जीन्स आणि स्पोर्ट शूज. शाळेत त्याचा फोटो लागल्यापासून पोरं वेडी झाली आहेत. त्यांच्यासारखाच दिसणारा संत त्यांनी पहिल्यांदाच बघितला, त्यात नवल नाही. मग स्टाफ मीटिंगमध्ये विषय निघाला की पुढच्या सत्रापासून एक हाउस कार्लोच्या नावाचं करावं. पाचवं हाउस काढता येत नाही, कारण मैदानावर कडुनिंबाच्या अलीकडे चारच लेन बसतात आणि कडुनिंब तोडायला कोणी तयार नाही. म्हणजे एकाला जावं लागणार. कोणाला, हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

कारणं तयार होती. नाव लांब आहे, चिअरिंगमध्ये बसत नाही. स्पेलिंग मुलांना येत नाही. पालकांना माहीत नाही. सिस्टर काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मनात अल्फोन्सा आहे हे मला ठाऊक आहे, आणि त्यांनी आपलं माणूस पुढे केलं नाही याचा मला आदर आहे. पण मी माझं माणूस पुढे करणार. मी म्हटलं, नाव माहीत नाही म्हणून काढायचं असेल तर आधी माहीत करून द्यायला काय केलं ते सांगा. वसईचे ख्रिस्ती लोक आज मराठीत मिसा करतात, मराठीत गाणी म्हणतात. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिथलेच. मराठीच्या तासाला मी हे शिकवते आणि त्याच कॉरिडॉरमधून त्याच मातीतल्या संताचं नाव पुसू, हे माझ्याच्यानं होणार नाही. कार्लोच्या नावानं कॉम्प्युटर लॅब करा, तो तिथं जास्त रमेल. पीटीचे सर म्हणाले, "बाप्पा, मॅडम आज फॉर्मात आहेत." ठराव जूनपर्यंत पुढे ढकलला.

जूनला अजून वेळ आहे. मी मधल्या काळात इतवारीतल्या एका पेंटरला गाठलं. गोन्सालोचा बोर्ड या सुट्टीत नव्यानं रंगवायला टाकला आहे, तीनऐवजी चौदा ओळी, मराठीत, वसई मोठ्या अक्षरांत, सगळ्यांत वर क्रूस आणि खाली दोन भाले. ॲडव्हान्स माझ्या खिशातून दिला आहे आणि पावती सिस्टरांच्या टेबलावर ठेवली आहे.